पीयूसीचा कागद आणि गाडीचा धूर

जुन्या गाडीचा सारा दोष तिच्या वयावर ढकलण्याची आपल्याला सवय जडली आहे. मला ते पटत नाही. प्रीमियर पद्मिनीसारख्या, भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. तिच्या नंतरच्या पिढीला अवघा ०.५ टक्के. म्हणजे कायद्याने म्हातारीला सवलत दिलेलीच आहे. तरीही मोठा कार्बोरेटर बसवलेली गाडी नापास होते, आणि पाच मिनिटांनी तीच गाडी पास होते!

माझे वडील डोंबिवलीत गॅरेजवर मिस्त्री आहेत, म्हणून यातली मेख मला ठाऊक. चाचणी उभ्या गाडीची, इंजिन मंद फिरत असताना होते. मिक्श्चरचा स्क्रू जरा आवळला की पेट्रोल कमी जाते, आकडा उतरतो. कागद हाती पडला की स्क्रू पुन्हा सैल. पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर ती गाडी किती धूर ओकते, ते यंत्राने पाहिलेलेच नसते.

वडील आधी एअर फिल्टर, प्लग, पॉइंट आणि व्हॉल्व्हचा गॅप पाहतात. सायलेन्सरला भोक असल्यास बुजवतात. तिथून हवा शिरली की आकडा फसवा येतो. यात अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. (नोंदीबाहेरचा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मुळातच मना आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?)

माझे म्हणणे एवढेच, की इंजिनात फेरफार झालेल्या गाडीची चाचणी चाके फिरवून, इंजिनावर भार देऊन घ्यावी. मग स्क्रू आवळणाऱ्याला आणि अर्धा दिवस राबणाऱ्याला एकच कागद मिळणार नाही.