सरपंच कोण? धडा सहावीचा, प्रश्न आपला



नांदूरघाट हे केज तालुक्यातले माझे गाव. या भागातल्या शाळकरी मुलींशी बोलताना मी नेहमी एक प्रश्न विचारते : गावची सरपंच कोण? बाई सरपंच असलेल्या गावातल्या मुलीसुद्धा पुष्कळदा तिच्या नवऱ्याचे नाव सांगतात. त्यांना दोष कसा द्यायचा? त्या बघतात तेच सांगतात. झेंड्यापाशी बाई उभी, आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीत तिचा मालक. सही तिची, शिक्का त्याच्या खिशात.

पुस्तकात मात्र सगळे ठीकठाक असते. बालभारतीने 2016 साली आणलेल्या सहावीच्या पुस्तकात ग्रामीण स्थानिक शासनाचा धडा होता. ग्रामपंचायतीत कमीत कमी सात सदस्य, जास्तीत जास्त सतरा, हे पोरे घडाघडा म्हणतात. पण शाळेच्या नळाला पाणी नाही, तर अर्ज कुणाकडे करायचा? गावाचा जमाखर्च कोण बघू शकतो? हे विचारले की वर्ग गप्प होतो.

‘शाळेत राजकारण नको,’ असे गुरुजी म्हणतात. गटार, दिवाबत्ती, घरपट्टी हे राजकारण असेल, तर ते मुलीच्या डोक्यावरच्या हंड्यात रोजच आहे! मुलीने प्रश्न विचारला की राजकारण, आणि नवऱ्याने बायकोची खुर्ची बळकावली की रीत?

राखीव जागा ही कुणाची मेहेरबानी नाही, हेही मुलींना सांगितले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला 1989 साली बायकांचे अख्खे पॅनेल निवडून आले, तेव्हा 73 वी घटनादुरुस्ती झालेली नव्हती. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्रात 2011 साली त्या निम्म्या झाल्या. जागा निम्म्या झाल्या, कारभार निम्मा झाला का?

आमच्या जिल्ह्याला याचे उत्तर कोयत्यावरून कळते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तोडते ती, मोळी वाहते ती, आणि उचल मुकादमाकडून त्याच्या हाती. पंचायतीतही तोच हिशेब लावलाय : नवरा-बायको मिळून एक सरपंच!

आणि सभा तरी केव्हा? 26 जानेवारीच्या सुमारास ग्रामसभा भरते, तेव्हा निम्मे गाव कारखान्यांवर कोप्यांत असते. आई फडात, धाकटे भावंड मुलीच्या कडेवर. जिने हा धडा शिकायचा तीच वर्गात नाही, आणि जिने सभेत बोलायचे तीच गावात नाही.

9 डिसेंबर 2024 रोजी आमच्याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून हे घडले, असे तपासात पुढे आले. पोरांनी हे सगळे मोबाइलवर पाहिले. गावकारभार म्हणजे पैसा आणि दहशत, एवढेच त्यांच्या मनात बसले तर उद्या आपली मुलगी निवडणुकीला उभी राहील का? अशा वेळी वर्गाने गप्प बसणे म्हणजे दहशतीला हातभारच.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. ती कागदावर उरकू देऊ नका, आणि आठवी-नववीच्या मुलींना तिथे ऐकायला बसवा. शाळेने मुलांना ग्रामपंचायतीत न्यावे, जमाखर्च वाचायला द्यावा, आणि त्यांच्याशी बाई सरपंचानेच बोलावे, मालकाने नव्हे. ऊसतोडीच्या गावांत मोठे ठराव पट्टा पडून कोयते परतल्यावरच घ्यावेत. हंगामी वसतिगृहे दिवाळीआधी सुरू व्हावीत, म्हणजे मुलगी आईमागे फडात जाणार नाही.

यातले काहीही वरून होणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका असतातच. पुढच्या बैठकीत त्यांनी हा विषय मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा. सही करण्याआधी वाचून बघावा. आपल्या मुलींचा नागरिकशास्त्राचा पहिला धडा तोच.