गावाचे नाव गावकऱ्यांच्या तोंडचे

वसईहून माझ्याकडे शिकावयास आलेल्या एका मुलाचे प्रमाणपत्र परवा मी इंग्रजीत लिहीत होतो. गावाच्या जागी सवयीने ‘बसीन’ लिहून गेलो. तो अदबीने म्हणाला, ‘‘गुरुजी, आमच्याकडे असे कोणी म्हणत नाही.’’ मी ओशाळलो.

‘बसीन’ हे पोर्तुगिजांच्या ‘बसाईं’वरून इंग्रजांनी घडविलेले रूप. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तरी ते इंग्रजी लिखाणातून गेले नाही. दुसऱ्या बाजीरावाचा ३१ डिसेंबर १८०२ चा तह इंग्रजी इतिहासात त्याच नावाने नोंदला आहे. तेथे ते खुशाल राहावे. जुन्या कागदाचे नाव बदलू नये. पण मुंबईच्या उत्तरेस आज नांदते आहे ते शहर वसई. २००९ साली स्थापन झालेली महानगरपालिकाही वसई-विरारची. मग पत्त्यावर रोमन अक्षरांतही वसईच हवे. शिवाय ब्रह्मदेशातील पाथेनलाही इंग्रज ‘बसीन’च म्हणत, म्हणजे घोटाळा दुहेरी.

आपल्या शहराचेही तसेच आहे. १९०८ ची बँक आणि १९४९ चे विद्यापीठ आपल्या नावात ‘बरोडा’ जपून आहेत. ते त्यांचे नाव, तसेच लिहावे. शहराचा इंग्रजी पत्ता मात्र १९७४ पासून वडोदरा. मराठीत आपण बडोदेच म्हणू, त्यास कोणाची हरकत नाही.

राजवाड्यात गाणारे माझे वडील सांगत, ‘‘बंदीश ज्याची, त्याच्या तोंडून ऐकावी आणि तशीच गावी.’’ गावाच्या नावासही तोच नियम.

प्रमाणपत्र मी नव्याने लिहून दिले.