क्रेडिट कार्डावरची उचल हे व्याजाचेच कर्ज

हज, उमरा किंवा धंद्याच्या निमित्ताने परदेशी जाणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मक्का-मदिना असो, दुबईचा मुर्शिद बाजार असो की चीनमधील केचिआओचा कापडबाजार असो, खिशात क्रेडिट कार्ड असले की माणूस निर्धास्त राहतो. रोकड संपली की एटीएममध्ये कार्ड घालायचे, गुप्त क्रमांक दाबायचा आणि रियाल, दिरहॅम किंवा युआन घेऊन पुढे चालू लागायचे. नोटा हातात आल्या की त्या आपल्याच खात्यातल्या आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ते बँकेचे कर्ज असते आणि त्यावरचे व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. हा फरक न समजल्यामुळे अनेक बांधव पैसा गमावतात, आणि व्याजाला हात न लावण्याचा आयुष्यभर पाळलेला नियमही नकळत मोडतात. म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

कार्डावर माल विकत घेणे आणि कार्डावर रोकड उचलणे हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत. दुकानात कार्डाने पैसे दिले आणि बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर बँक व्याज घेत नाही. रोकडीला ही सवलत नाही. पुढच्या आठवड्यात भरा की महिन्याने भरा, उचलीच्या दिवसापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज लागतेच. शिवाय उचलीचे वेगळे शुल्क असते. परकीय चलनाचा व्यवहार म्हणून आणखी एक आकार असतो, आणि या सर्वांवर १८ टक्के जीएसटी असतो.

आम्ही कापडवाले. मीटरमागे पावली कमी-जास्त झाली तरी घासाघीस करतो, वटाव किती आणि कसर किती ते आधी ठरवतो. तोच हिशेब येथे करून पाहू. समजा, २०,००० रुपयांच्या किमतीचे रियाल काढले. अनेक बँकांच्या दरपत्रकात परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के आणि रोकड उचलीचे शुल्क अडीच टक्के असते. म्हणजे ७०० आणि ५०० मिळून १,२०० रुपये, आणि त्यावर जीएसटी २१६ रुपये. घरी येऊन बिल भरेपर्यंत ४० दिवस गेले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर आणखी सुमारे ९२० रुपये. या व्याजावरही जीएसटी लागतो, तो सुमारे १६५ रुपये. एकूण भुर्दंड अडीच हजारांच्या घरात गेला. ४० दिवसांसाठी साडेबारा टक्के! या दराने पेढीवर कोणी भांडवल देऊ केले, तर आपण त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

थोडी थोडी रक्कम काढणाऱ्याचे नुकसान याहून मोठे असते. उचलीच्या शुल्काला किमान मर्यादा असते, बहुधा ३०० ते ५०० रुपये. चार हजारांचे दिरहॅम काढले तरी ५०० रुपये गेले, म्हणजे नुसत्या शुल्कापोटीच साडेबारा टक्के. तिकडच्या एटीएमची मालक बँक आपले शुल्क लावते ते वेगळेच. आणखी एक फसवा प्रश्न यंत्राच्या पडद्यावर येतो: रक्कम रुपयांत वळती करायची की स्थानिक चलनात? रुपये हा आपला शब्द दिसला की बोट तिकडे जाते. पण त्या क्षणी विनिमयाचा दर यंत्राचा मालक ठरवतो आणि तो सहसा महाग असतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हेच विचारतात. उत्तर नेहमी स्थानिक चलन असे द्यावे.

आता दीनच्या बाजूने पाहू. आम्ही आलिम नाही, व्यापारी आहोत. पण जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाध येथील बाराव्या अधिवेशनात क्रेडिट कार्डाबाबत जो ठराव केला, तो प्रत्येक कार्डधारकाने जाणून घ्यावा असा आहे. कार्डावर रोकड काढणे म्हणजे कार्ड देणाऱ्याकडून कर्ज घेणे, असे त्यात ठरवले आहे. सेवेच्या खर्चापुरती ठरावीक रक्कम घेतली तर ती रिबा नाही; परंतु कर्जाच्या रकमेवर किंवा मुदतीवर बेतलेली वाढ ही रिबा आहे. ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे, ते कार्ड मुदतीत पैसे भरण्याच्या इराद्यानेही वापरू नये, इथवर हा ठराव जातो. खरेदीच्या कार्डाबाबत ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. रोकड उचलीबाबत मात्र शंकेला जागाच उरत नाही, कारण तेथे व्याज टाळण्याची सोयच नाही. उमऱ्याला जाऊन हरमच्या दारातल्या यंत्रातून व्याजाचे कर्ज उचलायचे, हे मनाला पटते काय?

कोणी म्हणेल, सराफापेक्षा कार्डाचा दर चांगला असतो. हे पुष्कळदा खरे असते. विमानतळावरच्या खिडकीवर तर दर फारच वाईट मिळतो. पण कार्ड कंपनीच्या दराचा तोच फायदा डेबिट कार्डालाही मिळतो. तेथेही शुल्क आणि चलनाचा आकार लागतो, पण पैसा आपल्या खात्यातला असल्यामुळे व्याज लागत नाही. दुसरा मार्ग फॉरेक्स कार्डाचा. ते निघण्यापूर्वी रुपये देऊन भरून घ्यायचे, म्हणजे दर तेव्हाच पक्का होतो. मात्र सौदीला जाताना त्यात रियालच भरावेत. डॉलर भरून रियाल काढले तर चलनबदलाचे शुल्क पुन्हा लागते.

रोकड नेण्याचीही मुभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, आणि हज-उमरा यात्रेकरूंना याहून मोठी सवलत आहे. पूर्वी हज कमिटी प्रत्येक हाजीला २,१०० रियाल हातात देत असे. २०२३ च्या हजपासून ही सक्ती उठली आणि स्टेट बँकेमार्फत रियाल व फॉरेक्स कार्डाची सोय झाली. निर्णय चांगला आहे. पण आता खर्चाचा अंदाज हाजीने स्वतः बांधायचा आहे. तो चुकला की पाय एटीएमकडे वळतात.

निघण्यापूर्वी आणखी एक काम करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशापासून नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून मिळते. परदेशी वापर आपण सुरू करायचा असतो. डेबिट कार्डाचा हा वापर सुरू करावा. क्रेडिट कार्डाच्या रोकड उचलीची मर्यादा बँकेला सांगून कमीत कमी ठेवावी.

आजारपण, चोरी, पासपोर्ट हरवणे असे संकट परदेशात कोणावरही येऊ शकते. दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर जीव वाचवण्यासाठी कार्ड वापरावे लागेल. तेव्हाही बिलाची वाट पाहू नये. घरी फोन करून त्याच दिवशी कार्डावर रक्कम भरून घ्यावी, म्हणजे व्याज तेथेच थांबेल.

हज प्रशिक्षण शिबिरांतून तवाफ, सई आणि अरफातचे मसाइल उत्तम रीतीने शिकवले जातात. त्यातच पंधरा मिनिटे पैशाच्या व्यवहारासाठी द्यावीत, अशी आमची आयोजकांना विनंती आहे. उमऱ्याचे गट नेणाऱ्या टूरवाल्यांनीही यात्रेकरूंना हे बजावावे. बँकांनी आपले दरपत्रक मराठी आणि उर्दूत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. आणि आपल्या व्यापारी बांधवांनी थान हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय कार्डालाही लावावी. गिऱ्हाइकाला उधारी देताना आपण दहा वेळा विचार करतो. स्वतः उधार घेताना एकदा तरी करावा.