मानाचे कार्ड आणि घरचा जमाखर्च

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांतील सुशिक्षित घरांत अलीकडे एका नव्या अलंकाराची भर पडू लागली आहे. तो अंगावर घालता येत नाही, अडीअडचणीस गहाण ठेवता येत नाही, आणि त्याची घडणावळ मात्र दर वर्षी नव्याने मोजावी लागते. वार्षिक दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक शुल्क घेणारे, खरेदीवर गुण देणारे आणि विमानतळावरील विश्रांतिकक्षाचे दार उघडणारे उंची क्रेडिट कार्ड, हाच तो अलंकार होय. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कारखान्यातील अधिकारी, बागायतदार ह्या सर्वांस बँकेचा मनुष्य एकच वाक्य ऐकवितो : ‘साहेब, हे कार्ड आपले शुल्क आपणच फेडते.’ ह्या एका वाक्याची परीक्षा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. येथील बहुतेक घरांस हे कार्ड तोट्याचे आहे. आणि ज्या थोड्यांस ते लाभाचे आहे, त्यांनीही तो लाभ कोणाच्या खिशातून येतो ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. दहा हजार रुपये शुल्कावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर बसतो. म्हणजे घरातून ११,८०० रुपये जातात. समजा, ह्या कार्डावर खरेदीच्या अडीच टक्के इतका परतावा मिळतो. विक्रेता लागलीच गणित मांडतो की, ४,७२,००० रुपये खर्च केले की शुल्क वसूल झाले. ह्या गणितात एक मोठी गफलत आहे. शुल्क न घेणारे साधे कार्डही एखादा टक्का परतावा देते. तो तर दहा हजार न मोजताही आपलाच होता. तेव्हा शुल्काच्या बदल्यात आपण विकत घेतो तो केवळ दीड टक्क्याचा फरक, आणि त्या फरकातून ११,८०० रुपये वसूल व्हावयाचे तर वर्षास सुमारे ७,८७,००० रुपये, म्हणजे दरमहा साडेपासष्ट हजारांहून अधिक खर्च कार्डावर व्हावा लागतो.

इतका खर्च येथील घरात कार्डावर होतो काय? पेट्रोल, घरभाडे आणि सरकारी भरणा ह्यांवर अनेक कार्डे गुण देतच नाहीत. मंडईतील भाजी, गवळ्याचे दूध, मोलकरणीचा पगार, शेतावरील मजुरी ह्यांस कार्ड चालत नाही. महिन्यास साठ हजार खर्च करणारे सुखवस्तू घर घेतले आणि त्यातील निम्मा खर्च कार्डावर होतो असे उदारपणे मानले, तरी वर्षाची बेरीज ३,६०,००० रुपये होते. तिच्यावरील दीड टक्का म्हणजे ५,४०० रुपये. शुल्क वजा जाता ६,४०० रुपयांचा निव्वळ तोटा! हा तोटा भरून काढण्यासाठी, अथवा पुढील वर्षाचे शुल्क माफ व्हावे म्हणून, मनुष्य नको असलेल्या वस्तू घेऊ लागतो. अडीच रुपये मिळावेत म्हणून शंभर रुपये खर्चणे ह्याला काटकसर म्हणावयाचे असेल, तर उधळपट्टीस निराळा शब्द शोधावा लागेल.

विश्रांतिकक्षाचे म्हणाल, तर बारामतीच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानांची नियमित वाहतूक होत नाही. येथील माणसास विमान गाठावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटर दूर लोहगावास जावे लागते. इंदापूरकरास त्याहून अधिक. वर्षातून एकदोनदा घडणाऱ्या अशा प्रवासात चहा-उपमा फुकट मिळाला, तर त्याची किंमत चहा-उपम्याइतकीच धरावी. जाहिरातीत छापलेली धरू नये.

शिवाय ज्या लाभांच्या भरवशावर आपण शुल्क भरतो, ते लाभ बँकेच्या मर्जीवर अवलंबून असतात. ॲक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाचे उदाहरण घ्या. महिन्यास एक लाख रुपये खर्चणाऱ्यास २५,००० गुण देण्याच्या योजनेमुळे ते देशभर वाखाणले गेले. पुढे सप्टेंबर २०२३ पासून ती मासिक योजना बंद झाली, शुल्क दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेले, आणि शुल्कमाफीसाठी लागणारा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर नेण्यात आला. ह्यात बेकायदा काही घडले असे आम्ही म्हणत नाही. अटी बदलण्याची मुभा करारातच असते. परंतु ज्या नाण्याचे मोल देणाराच केव्हाही घटवू शकतो, त्यास संपत्ती समजून साठविणे शहाणपणाचे नव्हे.

ह्यावर कार्डाचे पुरस्कर्ते म्हणतील की, शिस्तीने दरमहा पूर्ण रक्कम भरणाऱ्यास भय कसले? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच त्याचे उत्तर ह्या भूमीच्या अर्थव्यवहारातून दिले पाहिजे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ह्या साखर कारखान्यांच्या परिसरातील कित्येक घरांचे उत्पन्न महिन्यामहिन्याने येत नाही. ते उसाच्या बिलाबरोबर येते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त दराने पैसे द्यावेत, उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही बिल हप्त्यांनी येते, हा अनुभव नवा नाही. कार्डाचे बिल मात्र तारीख चुकवीत नाही, आणि त्यावरील व्याज अनेक बँकांत दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास बेचाळीस टक्के पडते. शेतकऱ्याचे येणे थकले तर पंधरा टक्के, आणि त्याच शेतकऱ्याचे देणे थकले तर बेचाळीस! एक लाख रुपये एकच महिना थकले, तर ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर ६३० रुपये कर जातो. पावणेतीन लाखांच्या खरेदीतून मिळालेला जादा लाभ एका महिन्यात बुडाला. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, ही गोष्ट कार्ड गळ्यात घालताना कोणी मोठ्याने सांगत नाही.

ह्या मुलखास कर्जाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले आणि ती आग दख्खनभर पसरली. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या काळच्या सावकारासही दामदुपटीची एक मर्यादा माहीत होती. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी मागू नये, असा तो जुना न्याय होता. आज दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढीने, काहीच न भरल्यास, मुद्दल सुमारे वीस महिन्यांत दुप्पट होते आणि पुढेही वाढतच राहते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरील कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा आता ग्राहकाचा खरा रक्षक त्याचा स्वतःचा हिशेबच होय.

आता मुख्य मुद्दा. शिस्तीच्या सुशिक्षितास जे गुण मिळतात, ते बँक कोठून आणते? ज्यांना पूर्ण बिल भरता आले नाही त्यांच्या व्याजातून, आणि दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या अधिभारातून. दुकानदार तो भार मालाच्या किमतीत मिसळतो. म्हणजे रोख पैसे देणारी मोलकरीणही आपल्या साखर-चहापुडीतून साहेबांच्या विमानप्रवासास हातभार लावते. बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले असता दुकानदारास जानेवारी २०२० पासून असा अधिभार पडत नाही. मंडईच्या कोपऱ्यावरील चौकोनी चित्र म्हणूनच सर्वांस सोयीचे झाले. हा न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे, आणि सुशिक्षित वर्गाने तो ‘मला गुण मिळाले ना’ एवढ्यावर सोडून द्यावा, हे आम्हांस पटत नाही.

न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्याचा परदेशी खर्च वर्षास पाचएक लाखांचा आहे, त्याच्या साध्या कार्डावर साडेतीन टक्के विनिमय-आकार आणि उंची कार्डावर दोन टक्के असेल, तर केवळ तेथेच साडेसात हजार रुपये वाचतात. अशा मनुष्याने, बिल खात्यातून आपोआप भरले जाण्याची व्यवस्था करून, हे कार्ड खुशाल बाळगावे. इतरांनी मागील बारा महिन्यांची खरेदी कागदावर मांडावी, गुण न मिळणाऱ्या रकमा वगळाव्यात, उरलेल्या रकमेवर दोन कार्डांमधील फरक काढावा आणि तो शुल्काशी ताडून पाहावा. फरक कमी पडला, तर कार्ड परत करण्यात कमीपणा नाही. थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे, न केल्यास दिवसास पाचशे रुपये दंड ग्राहकास देणे, हे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बँकांवर घातले आहे.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली निघाले, तेही कार्डच. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास ते चार टक्क्यांनी पडते, आणि ते मिळविण्यासाठी आमचा शेतकरी सोसायटीच्या पायऱ्या झिजवितो. बेचाळीस टक्क्यांचे कार्ड मात्र फोन करकरून घरी पोहोचविले जाते. जी वस्तू देण्यासाठी देणारा इतका आतुर असतो, तिच्यात लाभ प्रथम त्याचाच असतो, एवढे व्यवहारज्ञान ऊसपट्ट्यातील माणसास कोणी शिकवावयास नको.