उमेदवाराचा भूतकाळ विचारावा, पण सगळा

नोकरीच्या मुलाखतीस आलेल्या उमेदवारास ‘वरिष्ठांशी मतभेद झाल्यास तुम्ही काय कराल?’ असे विचारले, की तो आपल्या समंजसपणाचे जे वर्णन करतो त्यातून निवडमंडळाच्या हाती फारसे काही लागत नाही. कारण जो प्रसंग अद्याप आलेलाच नाही त्यात प्रत्येकजण न्यायी, धैर्यवान आणि शांतचित्त असतो. त्याच उमेदवारास ‘असा मतभेद पूर्वी केव्हा झाला, तुम्ही काय बोललात, त्यांनी काय उत्तर दिले आणि अखेर काम कोणाच्या म्हणण्याप्रमाणे झाले?’ असे विचारले, तर त्यास स्मरणाकडे वळावे लागते, आणि स्मरणातून आलेल्या हकीकतीस स्थळ, काळ, माणसे आणि परिणाम असल्यामुळे तिची शहानिशा करता येते. पूर्ववर्तनाविषयी विचारण्याची ही पद्धत मोठ्या कंपन्यांत आता रुळली आहे व तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु ती ज्या संकुचित रीतीने राबविली जाते तिच्याविषयी माझी गंभीर तक्रार आहे.

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकी सैन्याच्या हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी ‘धाडस’, ‘नेतृत्व’ अशा मोघम गुणांवर न विसंबता, कोणी कोणत्या वेळी नेमके काय केले याच्या हकीकती जमविल्या आणि १९५४ साली त्या रीतीचे विवेचन प्रसिद्ध केले. पुढे १९८२ मध्ये टॉम जॅन्झ यांनी तीच दृष्टी नोकरीच्या मुलाखतीस लावली. निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाचा पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जो फेरहिशेब केला, त्यात सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत अग्रस्थानी आली, आणि मनास येईल ते विचारणारी मुलाखत पुष्कळच मागे पडली.

बेशिस्त मुलाखतीने काय अनर्थ होतो हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अजय हसिया यांच्या खटल्यात पाहिले आहे. प्रश्न नोकरीचा नव्हता, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. लेखी परीक्षेस १०० आणि मुलाखतीस ५० गुण ठेवलेले, उमेदवारास मिळालेली मिनिटे दोन-तीन, आणि त्यातही विचारपूस आईवडिलांची व राहण्याच्या ठिकाणाची, अशी अर्जदारांची फिर्याद होती. मुलाखतीस एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीपणाचे ठरेल, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात म्हटले. उमेदवाराने काय केले हे न विचारता तो कोणाचा हे विचारणे, हा केवळ गैरसोयीचा नव्हे, अन्यायाचा प्रकार आहे.

आता माझी तक्रार. ‘मागील कंपनीत तुम्ही एखादी अडचण कशी सोडविलीत?’ हा प्रश्न ज्या मुलास पहिलीच नोकरी हवी आहे त्यास, किंवा जी स्त्री मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी राहून पुन्हा कामास रुजू होऊ इच्छिते, तिला विचारला म्हणजे भूतकाळ याचा अर्थ कचेरीतला भूतकाळ एवढाच उरतो. वडील अंथरुणास खिळल्यावर ज्याने शेताचा व्यवहार, सोसायटीचे कर्ज आणि धाकट्या भावंडांची फी यांचा मेळ घातला, किंवा बचत गटातील थकलेला हप्ता जिने भांडण न होऊ देता वसूल केला, त्यांच्यापाशी वर्तनाचे असे पुरावे आहेत की वातानुकूलित दालनात बसून सादरीकरणे करणाऱ्या पुष्कळांपाशी ते नसतील; परंतु ते या प्रश्नात बसतात असे त्यांना कोणी सांगत नाही, आणि इंग्रजीत सांगावयाचे म्हटले की हकीकतीतील अर्धा जीव वाटेतच जातो. उलट, ज्यास शिकवणीवर्गाची फी परवडते तो ‘स्टार’ नावाच्या साच्यात, म्हणजे परिस्थिती, कार्य, कृती व परिणाम या क्रमाने, गुळगुळीत उत्तर पाठ करून येतो, आणि मंडळ त्याच्या वक्तृत्वालाच अनुभव समजते.

पाठांतरावर उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही: पहिल्या उत्तरावर न थांबता ‘त्यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता, विरोध कोणी केला, काय फसले?’ असे खोदून विचारावे, आणि प्रत्येक सदस्याने आपसांत चर्चा करण्यापूर्वी आपले गुण लिहून ठेवावेत. परंतु अनुभवाची व्याख्या रुंद केल्याखेरीज हा उपायही अपुरा पडेल. म्हणून निवडमंडळांवर बसणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे, की पुढील मुलाखतीपूर्वी आपल्या प्रश्नावलीतील ‘मागील कंपनीत’ हे शब्द खोडावेत, तेथे ‘घरी, शेतात, गावात किंवा कामावर’ असे लिहावे, आणि उमेदवारास ती हकीकत मराठीत सांगण्याची मुभा आरंभीच द्यावी.