झोंबीची वासना

गणपतीच्या सुटींत अलिबागेस जमलेल्या आमच्या मुलांनीं ‘रेसिडेंट ईव्हिल: डेथ आयलंड’ हा २०२३ सालचा बोलपट लावला, तेव्हां आम्हीहि शेजारीं बसलों. १९९६ पासून चालत आलेल्या जपानी व्हिडिओ-खेळांवरून तो रचिलेला असून त्यांतील पात्रें संगणकानें घडविलेलीं आहेत. आल्काट्राझ बेटावरील जुन्या तुरुंगांत, विषाणूनें झोंबी बनलेल्या माणसांशीं नायकांची झुंज चालते.

मुलांच्या आजीनें मध्येंच विचारलें, “ह्यांची वासना कशांत अडकली आहे, रे?”

प्रश्न मार्मिक होता. आमच्या कोंकणांतला मुंजा सोडमुंजीवांचून गेला, म्हणून पिंपळावर बसतो. त्याचें दुःख कळतें, त्याची समजूत घालतां येते. झोंबीला वासनाच नाहीं. ह्या कथामालेंत त्या विषाणूंचें मूळ एका काल्पनिक औषधकंपनीच्या लोभांत आहे. वासना आहे ती जिवंतांची! २०२२ च्या ‘झोंबिवली’नें हें भूत डोंबिवलींतहि आणिलें आहेच.

रात्रीं धाकटा एकटा परसांत जाईना. इतका रक्तपात त्याला पाहूं दिला, ही चूक आमचीच. लहानांस असले बोलपट दाखवूं नयेत; मोठ्यांस मात्र मनाई करण्यापेक्षां वडील मंडळींनीं शेजारीं बसावें आणि आजीचा प्रश्न विचारावा.