पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांसाठी लिहावं



बारावीचा निकाल लागला, प्रवेश झाला, होस्टेलची फी भरली, की आपली जबाबदारी संपली असं आपण धरून चालतो. मुलांची खरी परीक्षा तर तिथून पुढे असते. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजीत असलं तरी सर मराठीत समजावून सांगायचे. इंजिनिअरिंगच्या वर्गात बऱ्याचदा तेही नसतं. जर्नल, सबमिशन, मेसचं जेवण, केटीची भीती, सगळं एकदम अंगावर येतं. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे 'बाकीच्यांना जमतंय, मलाच जमत नाही' ही समजूत. घरच्या फोनवर मात्र उत्तर ठरलेलं, "हो, बरं चाललंय."

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका आणली. ते चांगलंच झालं. पण "घाबरू नका" हे व्यासपीठावरून प्राचार्यांनी सांगणं वेगळं आणि गेल्या वर्षी स्वतः घाबरलेल्या मुलाने सांगणं वेगळं.

वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकन संशोधकांचा एक प्रयोग २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला इथे परकं वाटतं, हळूहळू ते जातं. मग या मुलांनी स्वतःचा अनुभव पुढच्या मुलांसाठी लिहिला. सगळं मिळून तासाभराचं काम. पण ते करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत सुधारले. ज्यांना परकेपणाची धास्ती जास्त, त्यांनाच फायदा झाला. आपल्याकडे खेड्यातून शहरात जाणारी, घरातली पहिलीच पदवीला पोचलेली मुलं आठवून पाहा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून एकेक पान लिहून घ्या. त्यात यशोगाथा नको. काय अडलं, कोणाला विचारलं, कधी जरा बरं वाटलं, एवढंच हवं. भाषा त्यांची, नाव घालायची सक्ती नाही, गुण नाहीत आणि कृपा करून लाल पेनसुद्धा नको! ती पानं यंदाच्या बारावीला वाचायला द्या.

फार खचलेल्या मुलाला असं पान पुरणार नाही, तिथे समुपदेशकच हवा. बाकीच्यांना मात्र 'हे फक्त माझंच नाही' एवढं कळलं तरी पहिले सहा महिने निभावून जातात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी येतीलच. तेव्हा "किती मार्क पडले?" याच्या आधी त्यांच्यापुढे एक कोरं पान ठेवून पाहा.